वकील कोणाचा? सोबत आलेल्या भावाचा की कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाचा?

अमळनेरच्या एका तरुण वकील ताईंनी विचारले आहे : "दोन वर्षांपासून वकिली करते. दोन मैत्रिणी समाजकार्य शिकलेल्या आहेत. दिव्यांग आणि मनोरुग्णांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था काढायचा आमचा विचार आहे. कामे कशी येतात? कोर्टात किती जावे लागते? मनोरुग्णाचे वकीलपत्र चालते का? आणि पोट कशावर भरायचे?"

ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकीच्यांची उत्तरे त्याच्या पोटात आहेत.

वकीलपत्र चालते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडा आणि कलम 3 वाचा. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी विकल मनाचा, म्हणजे आपले बरेवाईट ठरवू न शकणारा, ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसे ठरवले असेल तरच ठरतो. गोळ्या चालू असलेला माणूस तुमच्यासमोर बसून आपले म्हणणे सांगतो आहे, तर त्याची सही घ्या आणि कामाला लागा. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 32 नियम 15 आहे. पक्षकाराला स्वतःचे हित जपता येत नाही असे कोर्टाला चौकशीअंती वाटले, तर त्याच्या वतीने वादमित्र नेमला जातो. 'चौकशीअंती' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. समोरचा वकील "हा तर वेडसर आहे" म्हणून नुसता अर्ज टाकतो आणि आपण घाबरून वहिनीला किंवा काकाला वादमित्र करून मोकळे होतो. तसे करू नका. आजाराचा पुरावा पुढे आला आणि दुसऱ्या बाजूने तो नाकारला, तर 2017 च्या कायद्याचे कलम 105 सांगते की कोर्टाने तो मुद्दा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा.

वकीलपत्राचा प्रश्न सुटला तरी त्याच्यामागे एक मोठा प्रश्न उभा असतो. पक्षकार कोण?

आपल्याकडे मनोरुग्ण एकटा वकिलाकडे येत नाही. त्याला कोणीतरी आणते. आणणारा बोलतो, आणलेला खाली बघत बसतो. यावलकडचे दोन भाऊ धाकट्याला घेऊन आले होते. केळीची बागायत, वडिलांच्या माघारी तिघांची नावे सातबाऱ्यावर लागलेली. थोरला म्हणाला, "दादा, याला काही समजत नाही. हक्कसोड करून द्या, अंगठा आम्ही घेतो." मी म्हटले, समजत नसेल तर अंगठा कवडीमोल, आणि समजत असेल तर त्यालाच विचारू की. दोघांना चहाला पाठवले आणि धाकट्याजवळ बसलो. पहिली पंधरा मिनिटे तो काहीच बोलला नाही. मग त्याने शेताच्या चारी बाजू सांगितल्या. वरच्या अंगाला नाला, पलीकडे कोणाचे बिघे, विहिरीत कोणाचा किती हिस्सा. शेवटी म्हणाला, "माझं नाव राहू द्या. नाव गेलं की ताटही जाईल."

त्याचा स्किझोफ्रेनिया 11 वर्षांचा होता. पण त्या खोलीत व्यवहार सगळ्यात जास्त त्यालाच कळला होता. करार कायद्याचे कलम 12 हेच म्हणते : एरवी मन ठिकाणावर नसणारा माणूसही मन ठिकाणावर असताना करार करू शकतो. करू शकतो म्हणजे नाकारूही शकतो. मी हक्कसोडीचे काम घेतले नाही. भाऊ चिडून गेले. दोन महिन्यांनी थोरला परत आला, कारण पीककर्जाला तिघांच्या सह्या लागत होत्या. मग लेखी ठरले : जमीन भावांनी कसायची, नाव तिघांचे राहायचे, धाकट्याच्या खात्यात दर हंगामाला ठरलेली रक्कम टाकायची. या सगळ्यात कोर्टाची पायरी एकदाही चढावी लागली नाही.

म्हणून संस्थेचा पहिला नियम हाच करा. ज्याच्या नावाचा कागद, तो पक्षकार. त्याच्याशी एकट्याने बोलल्याशिवाय फाइल उघडायची नाही. बोलता येत नसेल तर हातवारे, चित्र, होकार-नकार, जे चालेल ते. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 12 आणि 13 चा सगळा रोख इकडेच आहे. न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क आणि इतरांइतकीच कायदेशीर क्षमता. घरचे वाईट असतात असे मी म्हणत नाही. बहुतेक घरचे थकलेले असतात. पण थकलेल्या माणसाचे हित आणि आजारी माणसाचे हित दर वेळी एकाच दिशेला जात नाही, आणि दोघांचे वकील तुम्हीच झालात तर अडचणीच्या वेळी आजारी माणसाला कोणी उरत नाही.

याच संदर्भात पालकत्वाचा एक घोळ तुमच्याकडे आठवड्याला एकदा तरी येईल. नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. पण हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व एवढ्यांपुरताच आहे. मानसिक आजार त्यात नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाचे आईबाप या समितीकडे वर्षभर खेटे घालतात आणि शेवटी कळते की दारच चुकले. 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेच्या पालकाची तरतूद होती. 2017 च्या कायद्याने ती ठेवली नाही. आता उरते दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 14, म्हणजे मर्यादित पालकत्व. ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, आणि त्या माणसाच्या सल्ल्याने. काही जण कुलमुखत्यारपत्र करून येतात आणि निश्चिंत असतात. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारी देणारा विकल मनाचा झाला की मुखत्यारी संपते. नेमकी गरज पडते त्या दिवशी तो कागद मेलेला असतो.

आता कामे कशी येतात ते सांगतो. माझ्या अनुभवात दहातली सात-आठ कामे कोर्टाबाहेरची. त्यातली निम्मी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात अडकलेली.

मानसिक आजाराचे दिव्यांगत्व मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. चार गोष्टी बघतात : स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद आणि समज, काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. त्यात आजार किती वर्षांचा आहे त्याचे 1 ते 4 गुण मिळवायचे. दोन वर्षांच्या आत 1, दहा वर्षांच्या वर 4. बेरीज 7 झाली की 40 टक्क्यांचा उंबरठा ओलांडला. पेन्शन, आरक्षण, बहुतेक सवलती सगळ्या त्या उंबरठ्याच्या पलीकडे आहेत.

इथे माझी एक चूक सांगतो. पारोळ्याकडची एक माउली मुलाला प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर घेऊन गेली. मी आधी काही समजावले नव्हते, म्हटले डॉक्टर बघतील. डॉक्टरांनी विचारले, आंघोळ स्वतः करतो का? "हो साहेब, सगळं स्वतः करतो." शेजाऱ्यांशी बोलतो का? "बोलतो ना, चांगला आहे माझा." चारचौघांत लेकराची लाज झाकली तिने. घरी ती त्याला रोज हात धरून मोरीत न्यायची, आणि तीन वर्षांत तो ओट्याच्या खाली उतरला नव्हता. शिवाय सैलानीच्या दर्ग्याला नेले होते, भगताकडे नेले होते, त्यात गेलेल्या सहा वर्षांचा एकही कागद नव्हता, म्हणून आजाराचा काळही कमी धरला गेला. टक्केवारी 40 च्या खाली आली. पुन्हा तपासणी होऊन दुरुस्त व्हायला दोन वर्षे गेली. तेव्हापासून बोर्डाच्या आधी घरच्यांना अर्धा तास बसवतो. खोटे बोलू नका, वाढवून सांगू नका, पण झाकूही नका. काल काय झाले ते सांगा. किती वेळा सांगितल्यावर तो उठला, जेवण कोणी वाढले, शेवटचा पगार कधी आणला. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे, मेडिकलची बिले, सगळे पिशवीत भरून आणा. टक्केवारी पटली नाही तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील आहे, पण अपिलापेक्षा ही पिशवी जास्त कामाची.

प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्याची मुदत तुमच्या डायरीत लिहा. मुदत संपली की अनुदान गुपचूप थांबते आणि घरच्यांना ते बँकेत गेल्यावर कळते.

संजय गांधी निराधार योजनेचे तुम्हाला माहीत असेलच. तहसीलची संगायो शाखा, दिव्यांगांसाठी वर्षाला 50,000 रुपयांची उत्पन्नमर्यादा, आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी महिन्याचे दीड हजार होते ते अडीच हजार झाले. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च व्हायला हवा, तो किती झाला हे माहितीच्या अधिकारात विचारा. सरपंचाला अर्ज पोहोचला की पुष्कळदा पैसे आपोआप सापडतात.

आता साखळी. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याच्या पलीकडे, एका गोठ्यात तिशीतला माणूस बैलाच्या साखळीने बांधलेला होता. आई रोजंदारीला जायची. ती म्हणाली, "आमना पोऱ्या वाईट नही शे भाऊ, मी काय करू?" सोबत आलेला नवा कार्यकर्ता तापला, गुन्हा दाखल करू म्हणाला. कायदा त्याच्या बाजूने होता. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 95 प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे, कोणत्याही स्वरूपात साखळी घालता येत नाही. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, बांधलेले 28 जण पळू शकले नाहीत. ते ज्याला माहीत आहे त्याला साखळी बघवत नाही. घरात हाल होत असतील तर कलम 101 खाली पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते, आणि कलम 102 खाली दंडाधिकारी तपासणीसाठी 10 दिवसांपर्यंत दाखल करायचा आदेश देऊ शकतात.

पण त्या बाईसाठी साखळी म्हणजे पाळणाघर होते. ती आत गेली असती तर त्या माणसाला भाकरी कोणी दिली असती? आम्ही आधी गोळ्यांच्या मागे लागलो. कलम 18 म्हणते की अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत. तिथे "साठा नाही" हे ठरलेले उत्तर होते. कलमाचा उल्लेख करून पत्र दिले, साठा नोंदवहीची प्रत मागितली. तीन आठवड्यांत औषध आले. दोन महिन्यांनी साखळी सुटली, ती आईनेच सोडली. हा माझा कौल आहे, सगळीकडे चालेल असे नाही. मांत्रिक चाबकाने मारतो आहे, धुरी देतो आहे, अशा ठिकाणी मी थांबत नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हे नाव घेऊन गुन्हा ठरवले आहे, शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे. नंदुरबारच्या डोंगराळ भागात एखाद्या भ्रमिष्ट बाईला डाकीण ठरवतात, तिथेही हाच कायदा लागतो. तिथे मात्र आधी बाईला सुरक्षित जागी हलवा, कागद नंतर.

भुसावळसारखे जंक्शन जवळ असले की भटकणारे मनोरुग्ण तुमच्या वाट्याला येणारच. कुठल्या तरी गाडीने येतात, भाषा कोणाला कळत नाही. 2017 च्या कायद्याचे कलम 100 पोलिसांसाठी आहे : अशा माणसाला संरक्षणात घ्यायचे, 24 तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचे, कोठडीत ठेवायचे नाही, आणि हरवल्याची नोंद करून घरचे शोधायचे. या कलमाची मराठी प्रत पिशवीत दहा-बारा ठेवा. हुज्जत घालू नका. ठाणे अंमलदारालाही रात्री हा माणूस कुठे न्यायचा हे खरेच माहीत नसते. प्रत द्या, स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा, सोबत दवाखान्यात जा. पुढच्या वेळी तेच तुम्हाला फोन करतील. घर शोधून पोहोचवायच्या कामात कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन मुरलेली आहे. तिचे डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार याच कामासाठी मिळाला.

दाखल करण्याच्या तक्रारी वेगळ्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालये, चारही आपल्यापासून लांब. म्हणून बरेच जण खासगी ठिकाणी ठेवतात आणि मग "घरचे सांगतील तेव्हाच सोडू" सुरू होते. रुग्ण स्वतःच्या मर्जीने दाखल झाला असेल तर तो मर्जीने जाऊ शकतो. कलम 89 खाली मर्जीविरुद्ध ठेवले असेल तर मुदत 30 दिवस, आणि दवाखान्याने पुनरावलोकन मंडळाला कळवायचे असते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर 3 दिवसांत, इतरांसाठी 7 दिवसांत. तुम्ही गेलात की पहिली गोष्ट ती कळवल्याची प्रत मागा. मी जितक्या वेळा मागितली, त्यातल्या निम्म्या वेळा प्रत निघाली नाही आणि संध्याकाळी रुग्ण घरी आला. मंडळाकडे अर्ज करायला फी नाही, आणि तुमच्या कामाचा मुद्दा हा की कलम 77 प्रमाणे रुग्णाच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधीही अर्ज करू शकतो. आपल्या जिल्ह्याला कोणते मंडळ लागू आहे ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून ठेवा.

आणखी एक स्वस्त हत्यार. याच 2017 च्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे कोणीही सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात उपचाराच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमू शकतो. स्टॅम्पपेपर नको, नोटरी नको. बरे असतानाच हा कागद करून घ्या. नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी बायकांनी बहिणीचे किंवा मैत्रिणीचे नाव लिहून दिले आणि पुढच्या वेळी सासरच्यांना परस्पर दाखल करता आले नाही.

बायकांच्या खटल्यांबद्दल थोडेच लिहितो, कारण तुम्ही वकील आहात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे, पण 1988 च्या राम नारायण गुप्ता निकालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे की नुसते आजाराचे नाव पुरत नाही, तो इतका तीव्र आहे का हे सिद्ध करावे लागते. समोरून एक चिठ्ठी दाखल होते आणि तिच्यावर 'सायकोसिस' लिहिलेले असते. त्या चिठ्ठीला घाबरू नका, लिहिणाऱ्या डॉक्टरची उलटतपासणी घ्या. त्याने तिला किती वेळा पाहिले, हे आधी विचारा. बाई आजारी आहे म्हणून तिचा घरात राहण्याचा हक्क संपत नाही, 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिलाही आहे.

नोकरीतल्या प्रकरणांत दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 पाठ करा : नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, दुसऱ्या पदावर त्याच वेतनात सामावून घ्यावे लागते. मानसिक आजारातून घडलेल्या वागण्यावर शिस्तभंगाची कारवाई चालवणे हा भेदभाव ठरतो, असे रविंदरकुमार धारिवाल प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

राहिले पोट. इथे नवे लोक एका खड्ड्यात पडतात. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, ती स्वतःच्या संस्थेची असली तरी. पगार मैत्रिणींना द्या, तुम्ही प्रकरणानुसार मानधन घ्या. संस्थेच्या फलकावर वकील म्हणून तुमचे नाव नको, नियम 36 जाहिरातीला मनाई करतो. नोंदणी 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्हींखाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे होते, सोसायटीला किमान सात जण लागतात. तिघींच्या जोडीला चार जण शोधताना त्यातला एक तरी स्वतः आजारातून गेलेला किंवा दिव्यांग असू द्या, बैठकीत नुसती सही करणारा नव्हे.

आणि सगळ्या केसेस स्वतः लढू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनलवर नाव लावून घ्या, मैत्रिणींना विधी स्वयंसेवकाचे प्रशिक्षण द्या. पैसे थोडे आणि उशिरा मिळतात, पण प्राधिकरणाचे पत्र घेऊन गेलात की दवाखाना आणि पोलीस ठाणे दोन्हीकडे खुर्ची मिळते.

कार्यालय भाड्याने घ्यायची घाई नको. पहिले सहा महिने दिव्यांग बोर्डाच्या वारी सिव्हिलच्या पायऱ्यांवर बसा. सकाळी साडेनऊला पोहोचा, कारण बारानंतर धडगाव-साक्रीकडची माणसे शेवटच्या एसटीसाठी निघून जातात. कोरे कागद, शाई-पॅड आणि चार पेन सोबत ठेवा. त्यातली दोन परत येत नाहीत.